प्रीमियरशिपचा दावेदार संघ कसा घडतो? ब्रिस्बेन लायन्सवरून समजून घेऊ या

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ब्रिस्बेन लायन्सने जिलाँगला 47 गुणांनी हरवलं आणि सलग दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची, म्हणजे एएफएलची, प्रीमियरशिप (विजेतेपद) जिंकली. तेव्हापासून बाकीच्या सतरा क्लबांच्या पाठीराख्यांचा एकच वाद चालू आहे: आपला संघ खरा दावेदार कधी होणार, आणि त्यासाठी नक्की काय कमी पडतंय?

मेलबर्न, पर्थ, अ‍ॅडलेडला राहणारे मराठी लोक हा वाद ऑफिसात रोज ऐकतात. त्यातलं बरंचसं डोक्यावरून जातं, कारण ड्राफ्ट, ट्रेड, सॅलरी कॅप, पर्सेंटेज हे सगळं समोरच्याला आधीच माहीत आहे असं धरून लोक बोलतात. मुळात गोष्ट तितकी अवघड नाही. फक्त ती खेळाच्या नियमांपासून सुरू करावी लागते, कारण दावेदार संघ कसा लागतो हे या खेळाच्या घडणीतच दडलेलं आहे.

आधी खेळ

मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. मेलबर्नच्या क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग मोकळं राहावं म्हणून 1858-59 च्या सुमारास हा खेळ रचला. त्यात टॉम विल्स हा त्या काळचा नावाजलेला क्रिकेटपटू पुढे होता. आजही कसोटी सामन्यांची मैदानं हिवाळ्यात या खेळाला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'फूटी'ला, दिली जातात. ब्रिस्बेन लायन्सचं घरचं मैदान म्हणजे तेच गॅबा, जिथे जानेवारी 2021 मध्ये अजिंक्य रहाणेच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं.

एका वेळी मैदानात प्रत्येकी 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेने मधल्या दोन खांबांतून गेला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण ठरावीक अंतराला तो जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. सहकाऱ्याकडे द्यायचा तर लाथ मारायची किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकता येत नाही. लाथेने किमान 15 मीटर उडून आलेला चेंडू हवेत झेलला की त्याला मार्क म्हणतात, आणि मग तुम्हाला निवांत लाथ मारायला मिळते.

ऑफसाइड मात्र नाही, आणि ही बाब सगळ्यात महत्त्वाची. कोणीही कुठेही उभा राहू शकतो, त्यामुळे चेंडू दहा सेकंदांत या टोकाचा त्या टोकाला जातो. कच्चा खेळाडू लपवायला इथे जागा नसते. प्रतिस्पर्धी त्याला हुडकून काढतात आणि चेंडू पुन्हा पुन्हा तिकडेच नेतात.

एक हिरो का पुरत नाही

क्रिकेटमध्ये बुमराहचा एक स्पेल सामना फिरवतो. बास्केटबॉलमध्ये पाचातला एक जण संघाला वर्षानुवर्षं ओढून नेतो. फूटीत एक संघ पूर्ण सामन्यात चेंडू साधारण साडेतीनशे-चारशे वेळा हाताळतो, आणि त्यातले तीस वेळा ज्याच्या वाट्याला येतात तो दिवसाचा हिरो ठरतो. उरलेल्या सव्वातीनशे वेळा काय झालं, हे बाकीच्यांच्या हातात.

गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियरपेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही. जिलाँगकडून दोन प्रीमियरशिप जिंकलेला, आपल्या पिढीतला बहुतेकांच्या मते सर्वश्रेष्ठ खेळाडू 2011 मध्ये नव्या गोल्ड कोस्ट क्लबात गेला. तिथे असताना 2013 मध्ये त्याने ब्राउनलो पदक, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलं. पण तो तिथे होता ती सात वर्षं गोल्ड कोस्ट एकदाही बाद फेरीत पोचला नाही.

मग पैसे टाकून सगळेच चांगले घ्या की

घेता येत नाहीत. लीगने 1980 च्या दशकात दोन गोष्टी आणल्या. पहिली सॅलरी कॅप: सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून एका क्लबाने किती खर्च करायचा याची मर्यादा. आयपीएलच्या लिलावातली पर्स ज्यांना कळते त्यांना हेही कळेल. यातली एक खोच मात्र कमी लोकांना माहीत असते. कॅपला खालचीही हद्द आहे. प्रत्येक क्लबाला त्या रकमेचा 95 टक्के तरी भाग खर्च करावाच लागतो. म्हणजे तळाचा क्लबही जवळपास विजेत्याइतकाच पगार देतो, फक्त मध्यम खेळाडूंना जास्त देतो. पुढे चांगला माणूस मिळायची संधी आली की त्याच्या हातात पैसे नसतात.

दुसरी गोष्ट ड्राफ्ट. देशभरातली अठरा वर्षांच्या आसपासची मुलं नाव नोंदवतात आणि क्लब त्यांना आळीपाळीने निवडतात. गेल्या मोसमात जो शेवटचा, त्याला पहिली निवड. मुलाला पसंती विचारत नाहीत. मेलबर्नच्या उपनगरातला पोरगा दुसऱ्याच महिन्यात पर्थला राहायला गेलेला असतो, मुंबईहून गुवाहाटीपेक्षाही लांब.

ड्राफ्टशिवाय खेळाडू मिळवायचे आणखी दोन मार्ग आहेत. ट्रेड म्हणजे दुसऱ्या क्लबाशी अदलाबदल. त्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधले आपले क्रमांक द्यायचे. आणि फ्री एजन्सी, म्हणजे बरीच वर्षं एका क्लबात काढलेल्या खेळाडूला करार संपल्यावर हवं तिकडे जाण्याची मुभा. शब्दांचं सामान एवढंच.

ब्रिस्बेन: तळ, मग आणखी तळ

ब्रिस्बेनने 2001 ते 2003 अशा सलग तीन प्रीमियरशिप जिंकल्या होत्या. त्यानंतर घसरण लागली. सगळ्यात वाईट जखम 2013 च्या शेवटी झाली. ड्राफ्टमधून आणलेले पाच तरुण खेळाडू एकाच उन्हाळ्यात क्लब सोडून गेले, त्यातले काही सरळ आपापल्या गावाकडे. सॅम डोकर्टी, एलियट यो, जॅरेड पोलेक ही नावं त्यात होती. यो पुढे वेस्ट कोस्टकडून 2018 ची प्रीमियरशिप जिंकला. म्हणजे ब्रिस्बेनने मुलं निवडली बरोबर होती, ती टिकवता आली नाहीत.

टिकवण्याचा हा प्रश्न ब्रिस्बेनसारख्या क्लबाला जास्त भोवतो. अठरापैकी दहा क्लब व्हिक्टोरिया राज्यात आहेत आणि खेळाडूही तिथलेच जास्त. क्वीन्सलँडमध्ये रग्बी लीगचं राज्य. विसाव्या वर्षी, हरणाऱ्या संघात, घरापासून दीड हजार किलोमीटरवर, रस्त्यात कोणी ओळखत नाही अशा शहरात राहायचं तर मुलाला राहण्याचं काहीतरी कारण लागतं.

2016 मध्ये संघ अठरात सतरावा आला आणि क्लबाने ख्रिस फेगन यांना प्रशिक्षक नेमलं. टास्मानियातले फेगन तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, आणि या सर्वोच्च लीगमध्ये ते खेळाडू म्हणून एकही सामना खेळले नव्हते. पूर्वी मोठे खेळाडू असलेल्यांनाच ही खुर्ची मिळते अशी रीत होती. फेगन यांच्याकडे होता तो हॉथॉर्न क्लबातला अनुभव. हॉथॉर्नने 2013 ते 2015 सलग तीन प्रीमियरशिप जिंकल्या तेव्हा ते पडद्यामागे होते. पहिल्या वर्षी, 2017 मध्ये, ब्रिस्बेन शेवटचा आला. 2018 मध्ये पंधरावा, 22 पैकी 5 विजय.

आणि 2019 मध्ये दुसरा, 16 विजय.

लोक याला चमत्कार म्हणाले. मला त्यात चमत्कार दिसत नाही, हिशेब दिसतो. ह्यू मॅक्लगेज 2016 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला, कॅम रेनर 2017 मध्ये पहिल्या. बचावातला हॅरिस अँड्र्यूज क्लबाच्या स्वतःच्या अकादमीतून, ड्राफ्टमध्ये तब्बल 61 व्या क्रमांकावर आलेला. आधी अनेकदा डावलला गेलेला डेन झॉर्को कर्णधार. ही माणसं 2018 मध्येही होतीच, पण संघ हरत होता. त्यांच्या जोडीला क्लबाने 2017 च्या शेवटापासून नेमक्या तीन ठिकाणी बाहेरची माणसं बसवली. अ‍ॅडलेडहून वेगवान फॉरवर्ड चार्ली कॅमेरॉन. हॉथॉर्नचा माजी कर्णधार ल्यूक हॉज, तेहतिशी गाठलेला. पाय थकलेले, पण मैदानात उभं राहून तरुण बचावपटूंना कुठे उभं राहायचं हे ओरडून सांगणारा. आणि 2018 च्या शेवटी फ्रीमँटलचा लॅकी नील, चेंडू उडाला की सगळ्यात आधी हात घालणारा. नीलने पुढे 2020 आणि 2023 अशी दोन ब्राउनलो पदकं जिंकली.

सगळं एकाच वेळी गरम हवं

पंगत वाढायची वेळ आठवा. वरण उकळतंय, भाजी गार होऊन गेलीय, भाताला अजून वाफ यायचीय, अशी अवस्था झाली तर प्रत्येक पदार्थ चांगला असूनही जेवण जमत नाही. फूटीच्या संघाचं तेच. मिडफिल्डर साधारण पंचविशीत भरात येतो. उंच फॉरवर्ड आणि रकमन, म्हणजे चेंडू वर उडवल्यावर उडी मारून तो आपल्या माणसाकडे टपवणारा सर्वांत उंच खेळाडू, यांना अंगाने भरायला आणखी वेळ लागतो. तिशी उलटली की पाय जड होतात. सगळे जवळपास भरात आहेत अशी वर्षं क्लबाच्या आयुष्यात थोडीच येतात. पाठीराखे त्याला 'खिडकी उघडी आहे' असं म्हणतात.

2024 चा विजेता ब्रिस्बेन संघ वयाच्या अंगाने पाहा. झॉर्को 35, नील 31, एसेंडनहून फ्री एजंट म्हणून आलेला उंच फॉरवर्ड जो डॅनिहर 30. मधली फळी अँड्र्यूज 27 आणि मॅक्लगेज 26. आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू विल अ‍ॅशक्रॉफ्ट फक्त 20 वर्षांचा. तीन पिढ्या एका संघात होत्या. म्हणूनच डॅनिहर तो सामना जिंकून निवृत्त झाला तरी पुढच्या वर्षी संघ कोसळला नाही.

माझ्या मते दावेदारीची खरी व्याख्या इथे आहे: एक पिढी भरात असताना तिच्या मागची पिढी आधीच मैदानात असणं. हे घडायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत पाठीराखे, वर्तमानपत्रं, संचालक मंडळ सगळेच प्रशिक्षकाच्या जिवावर उठलेले असतात. 2019 ते 2023 ब्रिस्बेन काय भोगत होता ते बघा. 2019 मध्ये बाद फेरीतले दोन्ही सामने हरले, दुसरा 3 गुणांनी. 2020 मध्ये महामारीमुळे ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, इतिहासात पहिल्यांदाच व्हिक्टोरियाबाहेर, चक्क गॅबावर झाली. ब्रिस्बेन मात्र आदल्या आठवड्यात त्याच गॅबावर जिलाँगकडून हरून बाहेर पडला होता. 2021 मध्ये घरच्या मैदानावर एका गुणाने बाहेर. 2022 मध्ये पुन्हा जिलाँग, या वेळी 71 गुणांनी. 2023 मध्ये ग्रँड फायनल गाठली आणि कॉलिंगवुडकडून 4 गुणांनी हरले. एखाद्या उतावळ्या क्लबाने यातल्या तिसऱ्या वर्षीच प्रशिक्षक बदलला असता.

मुद्दाम हरून पहिला क्रमांक मिळवला तर?

हा आक्षेप हमखास येतो, आणि हा प्रयोग जवळपास झालेलाही आहे. कार्लटनला 2005, 2006, 2007 अशी लागोपाठ तीन वर्षं ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली. मार्क मर्फी, ब्राइस गिब्स, मॅथ्यू क्रूझर हे तिघेही चांगलेच खेळाडू निघाले आणि वर्षानुवर्षं टिकले. तरी कार्लटन त्यांच्या काळात एकदाही ग्रँड फायनलला पोचला नाही. त्यांची शेवटची प्रीमियरशिप अजून 1995 चीच आहे. मुद्दाम हरल्याच्या संशयावरून 2009 मधल्या वागणुकीची चौकशी होऊन मेलबर्न क्लबाला 2013 मध्ये 5 लाख डॉलर दंडही झाला.

कारण सरळ आहे. पहिली निवड म्हणजे एक मुलगा. मैदानात अठरा लागतात, आणि हरायची सवय लागलेल्या संघात त्या मुलाला शिकवणार कोण? ब्रिस्बेनने हॉजला आणलं ते याच प्रश्नावरचं उत्तर होतं.

ब्रिस्बेनला झुकतं माप मिळालं, त्याचं काय?

मिळालं. हे नाकारण्यात अर्थ नाही. एएफएलमध्ये पिता-पुत्र नियम आहे: वडील एखाद्या क्लबाकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबाचा. विल अ‍ॅशक्रॉफ्टचे वडील मार्कस ब्रिस्बेनच्या 2001 ते 2003 च्या तिन्ही प्रीमियरशिपमध्ये होते. विल 2022 मध्ये आला, त्याच ड्राफ्टमध्ये जॅस्पा फ्लेचरही वडिलांच्या पुण्याईवर आला, आणि 2024 मध्ये विलचा धाकटा भाऊ लेवाय. शिवाय न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या क्लबांना स्वतःच्या अकादमीतल्या मुलांवर हक्क असतो. ही मुलं फुकट मिळत नाहीत, त्यांच्या मोबदल्यात ड्राफ्टमधले क्रमांक मोजावे लागतात, पण त्यात सूट मिळायची. इतर क्लबांची ओरड वाढली तशी लीगने 2025 मध्ये ती सूट 20 टक्क्यांवरून 10 वर आणली.

तरीही विल येण्याआधीच ब्रिस्बेन सलग चार वर्षं बाद फेरीत खेळला होता. नशिबाने आलेला मुलगा तयार घरात आला, म्हणून त्याचं सोनं झालं. तोच 2013 च्या ब्रिस्बेनमध्ये आला असता तर? अंदाज ज्याने त्याने करावा.

जिलाँग तर इतक्या वर्षांत तळाला गेलाच नाही

बरोबर, आणि मला हा आक्षेप सगळ्यात आवडतो. जिलाँग हे मेलबर्नपासून तासाभरावरचं किनाऱ्याचं शहर आहे. ख्रिस स्कॉट 2011 मध्ये तिथे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी जिंकले. त्यानंतर 2025 पर्यंत क्लब फक्त दोनदा, 2015 आणि 2023 मध्ये, बाद फेरीला मुकला. 2022 मध्ये त्यांनी सिडनीला 81 गुणांनी हरवलं, तेही इतकी वयस्कर फळी घेऊन की दरवर्षी 'आता हे म्हातारे संपले' असं लिहून येत होतं.

त्यांचा मार्ग वेगळा. शहर शांत, राहणीमान चांगलं, समुद्र जवळ, आणि जिलाँग परिसरात वाढलेल्या खेळाडूंना पुढे घरी परतावंसं वाटतं. पॅट्रिक डेंजरफील्ड अ‍ॅडलेडहून तसाच आला. म्हणजे इतर क्लबांची माणसं ज्या ओढीने जातात, त्याच ओढीने जिलाँगला माणसं मिळतात. पण हा मार्ग उचलून दुसरीकडे लावता येत नाही. तुमच्या क्लबाकडे तसं गाव असावं लागतं.

पहिल्या चारांत येण्याचं इतकं महत्त्व का

2000 पासून 2025 पर्यंत चाललेल्या पद्धतीत साखळीतले पहिले आठ संघ बाद फेरीत जात. त्यातल्या पहिल्या चारांना पहिला सामना हरला तरी आणखी एक संधी, आणि जिंकला तर एक आठवडा विश्रांती. पाचवा ते आठवा, हरला की घरी. या 26 मोसमांत पहिल्या चारांबाहेरून फक्त दोघे जिंकले: 2016 मध्ये सातव्या स्थानावरचा वेस्टर्न बुलडॉग्स, आणि 2024 मध्ये पाचवा आलेला ब्रिस्बेन.

त्या 2024 मध्ये ब्रिस्बेन पहिले तीन सामने हरला होता आणि गुडघ्याच्या दुखापतींनी अनेक खेळाडू वर्षभरासाठी गेले होते. बाद फेरीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध 44 गुणांनी मागे पडून 5 गुणांनी जिंकले. तो सामना हरले असते तर आज हा लेख दुसऱ्या एखाद्या क्लबावर असता. शेवटचा विजय नशिबाचा भाग असतोच. तुम्ही पाच-सहा वर्षं दर सप्टेंबरात शर्यतीत असाल तर ते नशीब एखाद्या वर्षी तुमच्याकडे वळू शकतं. एकदाच पोचलात तर बहुधा नाही.

आपला संघ कुठे आहे, हे कसं ओळखायचं

गुणतक्त्यात विजयांशेजारी पर्सेंटेजचा रकाना असतो: केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर. आपल्या नेट रनरेटचा भाऊ. विजय भरपूर पण पर्सेंटेज शंभराच्या आसपास असेल, तर संघ थोडक्यात जिंकतो आणि मोठ्याने हरतो असं समजा. 2022 मध्ये कॉलिंगवुड असाच चौथा आला आणि बाद फेरीत सिडनीकडून एका गुणाने हरला. पुढच्या वर्षी मात्र तोच संघ प्रीमियरशिप जिंकला, म्हणून या आकड्यावर घर गहाण टाकू नका.

मग वयं बघा. सर्वोत्तम सहा खेळाडूंपैकी किती जण तीन वर्षांनी तितकेच चांगले असतील? चार किंवा जास्त असतील तर ट्रेडमध्ये मोठा खेळाडू आणायला हरकत नाही. दोनच असतील तर मोठ्या नावाच्या मागे लागणारा क्लब स्वतःचं पुढचं दशक विकतोय. आणि करार संपत आलेली बाविशी-तेविशीची मुलं सही करतायत की टाळतायत, इकडे लक्ष ठेवा. ग्रँड फायनलची तिकिटं मिळतील की नाही हे मला तरी त्या सह्यांवरून जास्त कळतं.

आत्ता तळाला असलेल्या क्लबांच्या वाटेत एक नवा अडथळा येतोय. 2028 मध्ये टास्मानिया हा एकोणिसावा क्लब उतरायचा आहे आणि त्याला उभं करण्यासाठी ड्राफ्टमधले वरचे बरेच क्रमांक दिले जातील. 2011 आणि 2012 मध्ये गोल्ड कोस्ट आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी आले तेव्हाही चांगली मुलं तिकडेच गेली. त्या दोघांनी अजून एकही प्रीमियरशिप जिंकलेली नाही. गोल्ड कोस्टला तर पहिली बाद फेरी गाठायला 2025 उजाडलं. पण तेव्हा तळाशी असलेल्या जुन्या क्लबांना मात्र उरलेल्यांतून निवडावं लागलं. ज्यांना आज 'तरुण घेऊ, दोन-तीन वर्षं सहन करू' असं वाटतंय, त्यांना हवी असलेली मुलं कदाचित टास्मानियात, होबार्टला जातील.